एक पूर्णांक दोन

दस्तगीर मुजावरचा टेम्पो सकाळी सातला
गोकुळ शिरगावच्या आमच्या गेटात वळतो
तेव्हा आधी वास येतो, मग हॉर्न.
कालची भजी, परवाचा वडा, कुणाच्यातरी बारशाची पुरी
सगळं सायलेन्सरमधून पुन्हा बाहेर.
गंगावेशीतली कुत्री रंकाळा स्टँडपर्यंत मागं पळतात म्हणे.
"मॅडम, एवढा मान आमदारालाबी न्हाई."

कॅन तो मोजतो. मी थेंब मोजते.
चंचुपात्रात एक मिली तेल, थोडं अल्कोहोल,
आणि दोन थेंब बिनरंगाचे, वेळ आल्यावरच बोलणारे.
वरून क्षार सोडायचा. थेंब. हलवायचं. थेंब.
गुलाबी येतो, लाजून जातो.
पुन्हा येतो.
तीस सेकंद टिकला की आकडा वहीत.

फॉर्मवर याला नूतनीकरणक्षम इंधन म्हणतात.
लिहिताना 'क्ष'वर माझं पेन दरवेळी अडतं.
दस्तगीर म्हणतो, परत परत येणारं, एवढं लिवा की.
जमिनीखाली कोटी वर्षं दडपलेलं तेल
मी कधी हातात घेतलं नाही.
माझ्याकडचं तेल परवाचं आहे,
त्याला नाव आहे, पत्ता आहे.

स्टँडामागचं कँटीन : सात पूर्णांक आठ.
या तेलाला आठवडाभर झोप नाही.
घाई केली तर डिझेल राहतं बाजूला, टाकीभर साबण होतो.
लक्ष्मीपुरीतला फरसाणवाला एरवी चार,
गणपतीत नऊ,
आणि वर शपथ घेतो, कालच नवा डबा फोडला.
तळणारा विसरतो. तेल विसरत नाही
किती वेळा तापवलं,
कधी फोनवर बोलता बोलता धूर निघाला.

आणि एक निळा कॅन, झाकणाला सुतळी.
अनुसया भोपळे, फुलेवाडी नाका.
जूनमध्ये तीन. दिवाळीला दोन.
आज एक पूर्णांक दोन.
मगदूम साहेब वहीत वाकून बघत राहिले.
असं तेल पाहिजे, म्हणाले,
बाईंना लिटरमागं दोन रुपये वाढवा.
मीही हसले. वर्षातला सगळ्यात हलका आकडा.

डबा खाताना घास थांबला.
तेल इतकं चांगलं कधी राहतं?
कढईत काही पडतच नाही तेव्हा.

दस्तगीर हात पुसत म्हणाला,
म्होरली शाळा हलवली न्हवं का बायपासला.
मधल्या सुट्टीला घाण्यामागं घाणा निघायचा तिचा.
आता स्टोव्ह पेटवती, बसती,
चार भजी सोडती, बंद करती.
मी म्हटलं, मग तेच तेल उद्या का वापरत नाही?
तो म्हणाला, इचारलं की मी.
कालच्या तेलात आज तळायचं न्हाई, म्हनती,
पोरं न्हाईत म्हून काय झालं.
गार तेल माझ्या कॅनात वतती रोज.
तुमच्या गाडीला तरी लागंल, म्हनती.

टाकीत रात्रभर सगळं निवतं.
खाली काळं ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं डिझेल.
काचेच्या खिडकीतून बघितलं,
कुठला थर कुणाचा ते आता सांगता येत नाही.
स्टँडही त्यात, लक्ष्मीपुरीही, ती चार भजीही.

शनिवारी मी वाट वाकडी करून फुलेवाडीला उतरले.
पॅकिंगच्या सहा बायका, दोन वेल्डर, दस्तगीर, त्याची दोन पोरं.
कांदा, पालक, मिरची. अजून. अजून एक घाणा.
तिनं विचारलं नाही कोण तुम्ही.
पदरानं कपाळ पुसलं आणि पीठ कालवायला घेतलं.
मिरची लई जहाल होती.

सोमवारचा निळा कॅन : दोन पूर्णांक सहा.
साहेब म्हणाले, घसरलं की हो हे तेल.
मी म्हटलं, हो.
आणि आकड्याशेजारी
बरोबरची खूण केली.